विषय: लग्न मे १७२०, बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२०. हे कसं?

प्रेषक: नॉरिचची सूनबाई

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या हॉलबद्दल नाही, अडचण वेगळीच आहे. सासूबाईंच्या ऐंशीव्या वाढदिवसाला त्यांच्या माहेरची वंशावळ भेट द्यायची, असं डोक्यात घेतलंय. माहेर इथलंच, इंग्लंडातल्या नॉरफोकमधलं, पिढ्यान्पिढ्या शेतमजूर. १८५१ च्या शिरगणतीत जन्मगावासकट सगळे सापडले. जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदी १८३७ पासूनच्या. त्याआधी सगळी भिस्त गावच्या चर्चच्या वह्यांवर. ओढत ओढत १७२० पर्यंत गेले आणि गाडी अडली.

नवरा-बायकोचं लग्न ८ मे १७२०. त्यांच्या थोरल्याचा, जॉनचा, बाप्तिस्मा १२ फेब्रुवारी १७२०. म्हणजे लग्नाच्या तीन महिने आधी! सासूबाई दर रविवारी चर्चला जाणाऱ्या. केकबरोबर हे कसं द्यायचं? नवरा म्हणतो, तीनशे वर्षांनी कोण बोट दाखवणारे. पण कागद मी करणार, तोंड मला दाखवायचंय.

प्रेषक: मोडीवाले काका, हॅरो

अगं, त्या माउलीवर उगाच आळ घेऊ नकोस!

त्या काळी इंग्लंडात वर्ष १ जानेवारीला नाही, २५ मार्चला बदलायचं. आपल्या पाडव्याच्या आगेमागेच म्हण ना. त्यामुळे १७२० चा फेब्रुवारी हा १७२० च्या मे महिन्यानंतर येतो. आपल्या हिशेबाने तो फेब्रुवारी १७२१. लग्नाला नऊ महिने चार दिवस. पोर अगदी वेळेवर आलंय. पुढे १७५२ मध्ये कॅलेंडर सुधारलं, १ जानेवारी हा वर्षारंभ झाला आणि सप्टेंबरातले अकरा दिवस गाळले: २ तारखेनंतर एकदम १४. तुझ्या कागदावर १७२०/२१ असं लिही, जाणकारांची तीच रीत आहे.

आता माझा प्रश्न. वहीचं पान पाहिलंस, की नेटवरच्या सूचीतून तारीख उचललीस? सूची करणारे कुणी साल जसंच्या तसं ठेवतात, कुणी नव्या पद्धतीने बदलतात. पान पाहा. अक्षर लागत नसेल तर मोडी शिकताना करायचो तसं कर: आधी महिन्यांची नावं शोध, ती ओळखीची असतात, आणि त्यांतली अक्षरं घेऊन बाकीच्या शब्दांत जा. १७३३ आधीचं काही लॅटिनात असेल. जेकोबस म्हणजे जेम्स, गुलिएल्मस म्हणजे विल्यम.

आणि दफनाची वही पाहिल्याशिवाय कुठल्याही जॉनला खापरपणजोबा करू नकोस.

प्रेषक: खजिनदार

काकांच्या मेलला जोडून. इथलं, ब्रिटनमधलं, कराचं वर्ष ६ एप्रिलला का सुरू होतं, त्याचं मूळही त्यातच सांगतात. २५ मार्च अधिक अकरा दिवस, ५ एप्रिल. नंतर आणखी एक दिवस सरकला. बाकी आमच्या त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत घराणं स्वतः जाऊन नाव घालतं. इथे १५३८ पासून आठव्या हेन्रीच्या राज्यात थॉमस क्रॉमवेलच्या हुकमाने पाद्र्यालाच लिहावं लागायचं, बाप्तिस्मा, लग्न, दफन. म्हणून शेतमजूरही सापडतात. आपल्याकडे कुळाच्या बापाचं नाव कोण लिहून ठेवत होतं!

(वर्गणी अकरा जणांची बाकी आहे. आकडा योगायोगाने तोच.)

प्रेषक: नॉरिचची सूनबाई

काका, पान पाहिलं. आधीच पाहायला हवं होतं.

मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, मग जानेवारी, फेब्रुवारी, आणि मार्चच्या दोन नोंदींनंतर आडवी रेघ. रेघेखाली मोठ्या अक्षरात १७२१. सूचीत ती रेघ कुठून येणार! नोंद लॅटिनातच होती: योहान्नेस, अमक्या-तमकीचा मुलगा. आईचं नुसतं नाव, माहेरचं आडनाव नाही.

पण तुमचं दफनाचं खरं ठरलं. एप्रिल १७२१ मध्ये जॉन, त्याच बापाचा. जेमतेम दोन महिन्यांचा. आणि १७२३ मध्ये दुसऱ्या मुलाचा बाप्तिस्मा, नाव पुन्हा जॉन. सासूबाई त्या दुसऱ्याच्या वंशातल्या. मी ज्या बाळाच्या अब्रूसाठी आठवडाभर झोप घालवली, त्याच्यापुढे वंश चाललाच नव्हता. दफनाच्या नोंदीपुढे ‘अफि.’ असं काहीतरी खरडलंय, ते काय?

प्रेषक: मोडीवाले काका, हॅरो

अ‍ॅफिडेव्हिट. प्रेत लोकरीच्या कापडातच गुंडाळून पुरलं, असं शपथेवर सांगावं लागे. लोकरीचा धंदा तरावा म्हणून दुसऱ्या चार्ल्सच्या काळात केलेला कायदा. मोडला तर पाच पौंड दंड. दोन महिन्यांच्या पोरासाठीही कुणीतरी शपथेला गेलंच असणार.

तेच नाव पुढच्या मुलाला ठेवणं तेव्हा सर्रास होतं. आणखी एक: १८१३ च्या पुढच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी छापील तक्त्यात असतात, त्यात बापाचा व्यवसाय आणि राहतं ठिकाण मिळेल. तिथून उलटं तपासून घे.

प्रेषक: नॉरिचची सूनबाई

घेतलं तपासून, दुवे जुळले. सासूबाईंना राहवलं नाही, त्यांनी वाढदिवसाआधीच कागद मागून घेतला. दोन्ही जॉनच्या चौकटींवर बोट ठेवून विचारलं, “पहिल्याला कुठे पुरलं?” मजुरांच्या थडग्यांवर दगड कुठला, पण चर्च उभं आहे आणि आवारही. रविवारी त्यांना घेऊन निघतोय, लंडनहून नणंदेची गाडी येतेय आणि तिच्यात एक जागा रिकामी आहे. काका, येताय का? भाकरी-पिठल्याचा डबा माझ्याकडे.