मदत हवी आहे: भाच्याचा फोन पोलिसांकडे, आणि 'हरवला म्हणून अर्ज द्या' म्हणतात (सोलापूर)

तुटका धोटा:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझा भाचा २२ वर्षांचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला जातो, रात्री अकराला सुटतो. गेल्या मंगळवारी सुटल्यावर तो आणि बरोबरचे दोघे कोपऱ्यावरच्या गाड्यावर चहाला थांबले. पावणेबाराला पेट्रोलिंगची गाडी आली. "काय बे, घरदार नाही का?" इथूनच सुरुवात. हा म्हणाला, "पाळी सुटली साहेब, चहा पिऊन निघालोच." मग मोटारसायकलचं लायसन मागितलं. ह्याचं लायसन डिजिलॉकरमध्ये, म्हणून खिशातून फोन काढला. समोरच्याला वाटलं हा शूटिंग करालाय. फोन हिसकावला, एक कानाखाली दिली आणि पोटरीवर, मांडीच्या मागं काठीचे चार-पाच. चहावाल्यानं गाडा तसाच ढकलत नेला. तीन चहाचे पैसे घ्यायलाही थांबला नाही.

तिघांना पोलीस स्टेशनला नेऊन फरशीवर बसवलं, पहाटे तीनला सोडलं. सोडताना दोन कागदांवर सह्या घेतल्या, त्यातल्या एकाचा वरचा भाग कोराच होता असं तो सांगतो. बाकी दोघांचे फोन परत दिले, ह्याचा पॅटर्न विचारून फोन ठेवून घेतला. पावती नाही, काही नाही. "उद्या संध्याकाळी ये."

आज सोमवार. रोज "साहेब बंदोबस्तात आहेत". फोन त्यांच्याकडं असल्यामुळं बोलावणं येतं ते अक्काच्या फोनवर. अक्का विड्या वळते. दोनदा पोरासोबत स्टेशनच्या पायरीवर बसून आली, घरी भिजवून ठेवलेली पानं वाळून गेली, त्या दिवसाच्या विड्या बुडाल्या.

काल तिथल्या एका हवालदारांनी मला बाजूला घेतलं. "मामा, फोन हरवला म्हणून अर्ज द्या. आम्ही सापडला म्हणून दाखवतो, उद्याच्या उद्या घेऊन जावा. कशाला वाढवता?" माणूस वाईट वाटला नाही, खरं सांगतो. अक्का म्हणते, देऊन टाकू. भाचा म्हणतो, फोन गेला तरी चालेल, पण हे लिहून देणार नाही. मी मधल्यामधी लटकलोय.

तर प्रश्न असा, की हा अर्ज द्यावा का? आणि त्या कोऱ्या सहीचं काय करायचं? पोराचं पासपोर्टचं चाललंय, त्यात काही आडवं येईल का ही धास्ती वेगळीच. कुठलं स्टेशन ते मुद्दाम लिहिलेलं नाही, कृपया विचारू नका.

कडक भाकरी:

सोलापूरला मार्शल लॉ लागला होता १९३० साली. तो उठलाय हे काही जणांना अजून कळवलेलं दिसत नाही.

अर्ज देऊ नका एवढं मला कळतं. पुढचं जाणकार सांगतील.

सावली मोठी:

माझं मत वेगळं आहे. फोन घ्या, विषय मिटवा. पोराला कामावर जायचंय, त्याच रस्त्यानं रोज रात्री यायचंय. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते उगीच नाही.

काळा कोट:

सावली मोठी, रोज त्याच रस्त्यानं यायचंय म्हणूनच कागद पाहिजे.

धोटा, तो अर्ज अजिबात देऊ नका. 'हरवला' असं स्वतःच्या हातानं लिहून दिलंत की मंगळवारच्या रात्री फोन त्यांच्या ताब्यात होता हेच पुसलं गेलं. वर खोटी माहिती दिली म्हणून बोट तुमच्याकडंच (जुन्या आयपीसीच्या जागी आलेली न्याय संहिता, कलम २१७). हवालदार मनानं चांगले असतील, पण ती वाट त्यांच्या सोयीची आहे, तुमच्या नाही.

फोन जप्त केला असेल तर पंचनामा लागतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचं चित्रीकरण करायचं, १०६ प्रमाणे जप्ती न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायची. यातलं काहीच केलेलं नसेल तर फोन त्यांच्या कपाटात का आहे ह्याचं उत्तर त्यांच्याकडंही नाही. 'हरवला'ची युक्ती त्यातूनच निघालीय.

तुम्ही साधा अर्ज लिहा. तारीख, वेळ, जागा, फोनचं मॉडेल, आयएमईआय नंबर (खोक्यावर छापलेला असतो). मग एवढंच: फोन जप्त असल्यास कलम आणि पंचनाम्याची प्रत द्यावी, नसल्यास फोन परत द्यावा. त्याखाली दुसरा परिच्छेद, की त्या रात्री दोन कागदांवर सह्या घेतल्या, एक अर्धा कोरा होता, मजकूर वाचून दाखवला नाही, दोन्हीच्या प्रती मिळाव्यात. कोऱ्या सहीवर सध्या हाच उपाय, तिच्यावर काही लिहिलं जायच्या आत तुमची हरकत तारखेनिशी नोंदवलेली असली पाहिजे. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. देत नसतील तर भांडू नका, स्पीड पोस्टनं पाठवा आणि एक प्रत आयुक्तालयात आवक-जावकला द्या. तरीही फोन मिळाला नाही तर कोर्टात कलम ५०३ खाली मागता येतो.

आता ते बोलावणं. अक्कांच्या फोनवर 'उद्या ये' म्हणणं ही नोटीस नव्हे. चौकशीला बोलवायचं तर कलम ३५(३) ची लेखी नोटीस लागते, आणि ती व्हॉट्सअॅपवर पाठवून चालत नाही हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. पुढचा फोन आला की नम्रपणे म्हणा, "साहेब, नोटीस द्या, तो हजर राहील." एवढंच. आवाज चढवायचा नाही. आवाज चढला की '३५३ लावतो' ऐकायला मिळतं, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यावर हात उचलून कामात अडथळा आणल्याचं कलम. ते आता न्याय संहितेत १३२ झालंय, पण तोंडात जुनंच आहे.

रात्रपाळी:

तुम्ही सगळे फोनच्या मागं लागलाय. पोराला दवाखान्यात नेलं का?

मी अपघात विभागात काम केलंय. काठीचा वळ ओळखू येतो. रेल्वेच्या रुळासारख्या दोन समांतर लाल रेषा, मधला पट्टा फिकट. पडल्यावर तसा वळ उठत नाही. पण तो टिकत नाही. आधी निळा-जांभळा, मग हिरवट, मग पिवळा, आणि दोन आठवड्यांत बहुतेक काही राहत नाही. तुमचे सहा दिवस गेलेत. उद्या सकाळी सिव्हिलला जा, केसपेपर काढा, एमएलसी (मारहाणीसारख्या पोलीस-कोर्टाच्या प्रकरणातली वैद्यकीय नोंद) करायची आहे असं स्पष्ट सांगा. कशानं लागलं, कुणी मारलं, कधी, हे पोरानं स्वतः सांगायचं. डॉक्टर त्याच्या शब्दांत लिहितात. आज रात्रीच घरी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून.

तुटका धोटा:

दवाखान्यात नेलं नव्हतं. अक्कानं हळद-तेल लावलं. उद्याच नेतो.

खाकी उतरवली:

३१ वर्षं ह्याच खात्यात काढली, तेव्हा दोन्हीकडचं लिहितो.

वरून तोंडी हुकूम येतो, 'अकराला सगळं बंद दिसलं पाहिजे.' कुठंतरी गाड्यावर मारामारी झालेली असते, त्याचा राग पुढचा महिनाभर प्रत्येक गाड्यावर निघतो. गड्ड्याच्या जत्रेचा बंदोबस्त, निवडणूक, मिरवणुका, माणूस बारा-बारा तास उभा असतो. हे कारण झालं, सबब नव्हे. गाडा उशिरापर्यंत चालू असेल तर कारवाई गाडेवाल्यावर करा, चहा पिणाऱ्याच्या पोटरीवर नाही. जमाव पांगवताना कमरेखाली मारायचं असं आम्हाला शिकवलेलं. तीन पोरं म्हणजे जमाव नव्हे.

तुमच्या दोन सह्यांमधली एक बहुधा ६८-६९ ची असणार. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१. ६८ खाली पोलिसांची वाजवी सूचना पाळायची, नाही पाळली तर ६९ खाली ताब्यात घेऊन सोडायचं. तो गुन्हा नव्हे. दुसरी सही ११०/११७ ची असू शकते, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन. ती केस कोर्टात जाते आणि पोरं घाबरून 'कबूल' म्हणून दंड भरून येतात. कबूल म्हणू नका. त्या रात्रीची स्टेशन डायरी मागा. तिघांना किती वाजता आणलं, किती वाजता सोडलं, ह्याची नोंद तिथं असायलाच हवी. नसेल तर तेच तुमचं बलस्थान.

पार्क चौपाटी:

फोनचं सोडा, आधी सिमकार्डचं दुकान गाठा. डुप्लिकेट सिम घेतलं की जुनं बंद पडतं. मग यूपीआयचा पिन आणि मेलचा पासवर्ड बदला. पॅटर्न दुसऱ्याकडं असलेला फोन म्हणजे घराची किल्लीच.

काळा कोट:

चौपाटीशी सहमत. आजच करा.

पासपोर्टबद्दल. नुसतं ताब्यात घेऊन सोडल्यानं पासपोर्ट अडत नाही. कोर्टात फौजदारी खटला प्रलंबित असेल तर अडचण येते. म्हणून ११०/११७ ची केस टाकलीय का हे आधी शोधा.

आणि एक राहिलं. समजा तो शूटिंग करत असता, तरी काय झालं असतं? रस्त्यावर काम करणाऱ्या पोलिसांचं चित्रीकरण हा आपोआप गुन्हा होत नाही. खुद्द पोलीस स्टेशनमधल्या चित्रीकरणाबद्दलच नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये म्हटलंय, की शासकीय गुपिते कायद्यातल्या 'प्रतिबंधित जागे'च्या व्याख्येत पोलीस स्टेशन बसत नाही.

खाकी उतरवली:

सीसीटीव्हीचा अर्ज वेगळा द्या. डिसेंबर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे प्रत्येक स्टेशनला आवाजासह कॅमेरे आणि १८ महिन्यांचं फुटेज पाहिजे. प्रत्यक्षात बरेच ठिकाणी 'बिघाड आहे' हे उत्तर तयार असतं. म्हणून 'द्या' असं लिहू नका. 'मंगळवार रात्री बारा ते पहाटे चार, फुटेज जतन करून ठेवा' असं लिहा. मग बिघाड कधीपासून आहे हे त्यांना लेखी सांगावं लागतं.

तुटका धोटा (गुरुवार):

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगतो.

सिव्हिलला दोन तास रांग. डॉक्टरांनी विचारलं, "कशानं लागलं?" भाचा म्हणाला, "पडलो." मी काही बोललो नाही. डॉक्टरांनी पँट वर करायला सांगितली, बघितलं आणि पुन्हा तेच विचारलं, "कशानं?" मग म्हणाला, "काठी. पोलिसांची." त्यांनी मान वर न करता लिहून घेतलं. पोटरीवरचे तीन आणि मांडीवरचा एक, लांबी-रुंदीसकट.

अर्ज स्टेशनला घेतलाच नाही. "साहेब आल्यावर या." तिथून सरळ पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट केलं आणि आयुक्तालयात प्रत देऊन शिक्का घेतला. बुधवारी दुपारी फोन आला, या आणि घेऊन जावा! काच एका कोपऱ्यात तडकलीय, बाकी ठीक. देताना म्हणाले, 'माझी काही तक्रार नाही' असं लिही. पोरानं लिहिलं, 'मंगळवारी रात्री माझ्याकडून घेतलेला फोन आज मिळाला', खाली तारीख, वेळ, सही. तिथले साहेब पाच मिनिटं त्या कागदाकडं बघत बसले. मग ठेवून घेतला. सह्यांच्या प्रतींचं विचारलं तर म्हणाले, अर्जाचं उत्तर पोस्टानं येईल.

आता भाच्याला मारहाणीची तक्रार करायचीय. बरोबरचे दोघे मात्र मागं सरले. एकाचं लग्न ठरलंय, दुसऱ्याचा बाप नको म्हणतो.

काळा कोट:

पोरगं खमकं आहे.

मारहाणीसाठी उपायुक्तांकडं लेखी तक्रार, एमएलसी जोडून. थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडं जाता येतं, पण समोर लोकसेवक असला की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(४) मुळे आधी त्यांच्या वरिष्ठांचा अहवाल मागवला जातो, वेळ जातो. त्याच वेळी मुंबईला राज्य मानवी हक्क आयोगाकडं पाठवा. फी नाही, घटनेपासून एक वर्षाची मुदत. पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे, महाराष्ट्रात ते २०१४ च्या दुरुस्तीनं आलं. उच्च न्यायालयात जायची वेळ आलीच तर आता मुंबई गाठायला नको. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरचं काम कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडं आहे.

वकिलाच्या फीचं टेन्शन असेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

सावली मोठी:

मी मिटवा म्हणालो होतो. तो कागद लिहिला ते मात्र बरं केलं.

तुटका धोटा:

काल रात्री चहावाल्याला गाठलं. तीन चहाचे पैसे पुढं केले. घेतले. म्हणाला, "मामा, मी सगळं बघितलंय, पण साक्षीचं विचारू नका, गाडा इथंच लावायचाय." मी काही बोललो नाही. अजून एक चहा सांगितला.

सोमवारी कोर्टात विधी सेवाच्या कचेरीत जातोय. कुणी आधी गेलं असेल तर सांगा, उत्पन्नाचा दाखला तहसीलचाच लागतो का कारखान्याची पगार पावती चालते? आणि अक्कालाही सोबत न्यावं लागेल का? तिचा अजून एक दिवस मोडायला नको.