विषय: शनिवारच्या संमेलनाचं पोर्क – कातडी मऊ पडते, काय करू?

खाद्यसमिती:
मंडळी, रोस्ट मीच करतेय. हे मीटिंगमध्ये ठरलंय, कृपया परत उकरू नये. हाडासकट पाठीचे दोन तुकडे, प्रत्येकी सुमारे ३ किलो, वर कातडी. घरून सहाला निघायचं, जेवण आठला (म्हणजे किती वाजता, ते सगळ्यांना ठाऊक आहे). तोवर कातडीचं चामडं होतं. मागच्या वेळचं आठवत असेलच. उपाय सांगा. मसाला काय लावू, हे विचारत नाहीये.

तात्या (सल्लागार):
सोपं आहे. फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा, वर दोन टॉवेल आणि थर्माकोलच्या खोक्यात ठेवा. आम्ही वर्षानुवर्षं हेच करत आलो. मी अध्यक्ष असताना कोणाची तक्रार आली नव्हती.

मावशी:
तात्या, तक्रार आली नव्हती कारण तुम्ही अध्यक्ष होतात. फॉइलमध्ये वाफ कोंडते आणि कातडी तीच वाफ पिते. कातडी कुरकुरीत होते ती आतलं पाणी उडाल्यामुळे. आदल्या रात्री कातडीवर चिरा पाडा, मांसापर्यंत सुरी जाऊ देऊ नका. मीठ चोळा आणि फ्रिजमध्ये उघडंच ठेवा. सकाळी पुसून घ्या. आधी २३० अंशांवर अर्धा तास, मग १६० वर. पाकिटावर मिठाचं पाणी टोचलेलं आहे असं लिहिलं असेल तर मांसाला आणखी मीठ नको, माझं एकदा खारट झालं होतं.

नाट्यविभाग:
"म्हणजे किती वाजता" हा टोमणा आम्हाला कळला. नाटुकलं पंचवीस मिनिटांचंच आहे. उशीर होतो तो भाषणांमुळे.

तात्या:
भाषणं दोनच असतात.

खजिनदार:
मावशींचं बरोबर, पण सहा ते आठ या वेळेचं काय? घरी अर्धवट शिजवून हॉलमध्ये पूर्ण केलं तर? तिथला ओव्हन आहेच.

दादा (साउंड):
अर्धवट शिजवून गाडीत ठेवायचं अजिबात नाही. ५ ते ६० अंशांच्या मध्ये मांस रेंगाळलं की जंतूंचं फावतं. घरीच पूर्ण करा. आणि ओव्हनवर माझा हक्क नाही, पण एक्स्टेंशन बोर्डाला तो लावायचा नाही, मागच्या वेळी माइक बंद पडला होता.

शाकाहारी गट:
ओव्हन एकच आहे, म्हणून आमचा ट्रे वरच्या खणात, तुमचा खालच्या. वरून आमच्यावर काही ठिबकायला नको. चिमटेही वेगळे, हे लिहून ठेवतो.

मावशींची सून:
पूर्ण म्हणजे किती? आईंच्या मते आत ७१ अंश, मी ६३ धरते आणि घरात वाद होतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये अखंड तुकड्यांसाठी ६३ अंश आणि ३ मिनिटं विश्रांती असं केलं. जुनं ७१ आता खिम्यासाठी. आत किंचित गुलाबी म्हणजे कच्चं नव्हे. थर्मामीटरचं टोक हाडाला टेकवू नका, आकडा फसतो. मी ६० ला बाहेर काढते, झाकल्यावर ३-४ अंश आपोआप चढतात. न चढले तर परत आत.

मावशी:
वाद होत नाही. चर्चा होते.

दादा (साउंड):
कातडीचा उपाय: निघायच्या आधी ती अख्खी सोडवून वेगळी घ्या. मांस फॉइल-टॉवेलमध्ये (तात्या, तुमचंही चाललं). कातडी कोरड्या कागदात, गार झाल्यावरच. नाटुकलं संपायच्या दहा मिनिटं आधी ती ट्रेवर पसरून २२० वर घाला. समोर उभं राहा, क्षणात करपते. खोकं उघडल्यावर मांसात थर्मामीटर घालून बघा: ६० च्या वर असेल तर निश्चिंत, खाली असेल तर आणखी ताटकळू देऊ नका.

तात्या:
माझंही चाललं, हे मिनिट्समध्ये यावं.

खाद्यसमिती:
झालं, दादांचं घेते. कातडी वेगळी, मांस ६३, ओव्हनचा खालचा खण. नाट्यविभागाने शेवटचा प्रवेश सुरू होताना मला फोन करावा. खाटकाला मणक्याचं हाड आधीच कापून ठेवायला सांगितलंय, नाहीतर दोन फासळ्यांमध्ये सुरी अडते आणि सगळे बघत उभे राहतात. आता फक्त एक: लांब सुरी कोणाकडे आहे? माझी मागच्या संमेलनानंतर परत आलेली नाही, आणि कोणाकडे आहे ते मला माहीत आहे.