संक्रांत ते होळी: तुमच्या बागेत सध्या काय चाललंय?

मोगरावेडी (पुणे)
रथसप्तमी झाली की ऊन बदलतं. पहाटे अजून शाल लागते, पण दुपारी गच्चीवरच्या कुंड्या कडेने सुकायला लागतात. उन्हाळ्यात बाग कशी राहणार हे याच आठवड्यांत ठरतं, असं माझं पक्कं मत आहे. पावसाळी लागवडीवर सगळे भरभरून लिहितात, या दिवसांतल्या छाटणी-खुरपणीवर फार कोणी लिहीत नाही. म्हणून हा धागा. कुठे राहता, सध्या कोणतं काम हातात आहे आणि ते कसं करता, एवढं लिहा.

सुरुवात माझ्या मोगऱ्यापासून. डिसेंबरपासून त्याचं पाणी तोडत आणते. पानं पिवळी पडून गळू लागतात, लागू देत. जानेवारीअखेर कात्री. वाळक्या आणि एकमेकींत घुसलेल्या फांद्या मुळापासून काढते, उरलेल्या निम्म्यावर आणते. काप तिरका आणि डोळ्याच्या जरा वर. जुनी पानं हाताने ओरबाडून टाकते. मग कुंडीतली वरची दोन-तीन इंच माती खरवडून काढायची, तिच्या जागी कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड आणि पोटभर पाणी. पंधरवड्यात डोळे फुगतात, पोपटी फूट दिसते. मोगऱ्याला कळ्या नव्या फुटीवरच येतात, तेव्हा छाटताना हात आखडू नका.

ठाण्याची बाल्कनी
ताई, गुलाबाचीही आताच छाटणी करायची का? फुलं अजून चालू आहेत.

मोगरावेडी
मोठी छाटणी नको. आपल्याकडे ती पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात. आता फक्त सुकलेलं फूल खालच्या पाच पाती असलेल्या पानापर्यंत कापा, आणि कलमाच्या गाठीखालून रानटी फुटवे येत असतील तर ते मुळाशी मोडा.

परदेशी_परसबाग (न्यू जर्सी)
आमच्याकडे नेमकं उलटं. बाग अजून बर्फाखाली आहे आणि गुलाबाची मोठी छाटणी हिवाळा सरताना होते. शेजारच्या आजींनी शिकवलेली खूण मी पाळते: फोर्सिथिया या झुडपाची पिवळी फुलं उमलली की कात्री काढायची. त्याआधी छाटलं आणि कोवळी फूट आली, तर पुढचं दहिवर ती जाळून टाकतं. मोठ्या पानांच्या हायड्रेंजियाला मात्र आता अजिबात हात लावायचा नाही, त्याच्या कळ्या मागच्या वर्षीच्या लाकडावर तयार होऊन बसलेल्या असतात. तळघरात दिव्याखाली कांद्याचं रोप टाकलंय. मिरचीचं मार्चच्या सुरुवातीला टाकेन. वाफ्यात जायला मिरचीला मे उजाडतो.

संत्रानगरी (नागपूर)
परसात संत्र्याचं झाड आहे, आंबिया बहार धरतो, म्हणजे पाणी तोडून ताण द्यायचा आणि या दिवसांत झाड फुलवून घ्यायचं. आमची काळी जमीन ओल धरून ठेवते, त्यामुळे ताण बसायला वेळ लागतो. डिसेंबरात पाणी बंद केलं की पानं हळूहळू मलूल होतात, काही गळतात. ते बघवत नाही, तरी धीर धरायचा. त्याच काळात सल, म्हणजे वाळक्या फांद्या, काढून घेतो, वाळक्या भागाखाली थोडा हिरवा भाग घेऊन, म्हणजे रोग मागे राहत नाही. जानेवारीच्या मध्यावर आळं उकरून शेणखत घालतो. पहिलं पाणी हलकं, त्यानंतरचं भरपूर. सध्या झाड पांढरं झालंय, मागचं दार उघडलं की वास थेट स्वयंपाकघरात येतो.

हापूसवाडी (रत्नागिरी)
मोहोर आलाय. बारीक लक्ष तुडतुडे ही कीड आणि भुरी या बुरशीरोगावर. पण फुलं उमललेली असताना फवारणी करत नाही, परागीभवन माश्या आणि मधमाश्यांवर अवलंबून असतं. फळ वाटाण्याएवढं झालं की पंधरा दिवसांनी एकदा झाडाला 150 ते 200 लिटर पाणी, गळ कमी होते. कलमाखालचा पाला झाडून जाळू नका, तोच आळ्यात पसरा.

पाचोळा_गोळा (पुणे)
पाल्याचा विषय निघाला ते बरं झालं! शिशिरात आमच्या सोसायटीत रोज पोत्यांनी पाचोळा पडतो, आणि सकाळी कुठेतरी धूर दिसला की जीव तुटतो. बागेसाठी वर्षभराचं खत आपण जाळून टाकतो. आता आम्ही काही जण मिळून जाळीच्या पिंजऱ्यात तो भरतो. पाल्याचा एक थर, त्यावर शेणाच्या पाण्याचा किंवा आंबट ताकाचा शिडकावा, पुन्हा पाला. ओल मुठीत दाबून बघायची: हात ओला व्हावा, पाणी टपकू नये. वर्षावृक्षाची बारीक पानं लवकर कुजतात, बदामाची जाड पानं रेंगाळतात, ती चुरून घालावीत. तळातून काळं, सुट्टं, पहिल्या पावसाच्या वासाचं खत निघतं. तयार खताची वाट न बघता थोडा कोरडा पाला आत्ताच कुंड्यांत तीन बोटं जाड अंथरा. एप्रिलमध्ये एक वेळचं पाणी वाचतं.

माडाखाली (फोंडा, गोवा)
आम्ही माडाच्या आळ्यात नारळाची सोडणं (वरची सालं) पालथी मांडतो आणि वर झावळ्या. ओल टिकते.

ठाण्याची बाल्कनी
जास्वंदीवर पांढरा कापूस दिसतोय, काय करू?

पाचोळा_गोळा
पिठ्या ढेकूण. हवा कोरडी झाली की वाढतोच. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून झाड धुवा, फार माखलेले शेंडे कापून पिशवीत बंद करून टाका. मग एक लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल, थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी फवारा. मुंग्यांची रांग कुठून येते तेही बघा, किडीतून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी त्या तिची राखण करतात.

गच्चीवरची_भाजी (नाशिक)
आमचा गारठा उशिरा हलतो, म्हणून वेलभाज्या मी फेब्रुवारीत लावते. कारल्याचं आणि दोडक्याचं बी जाड सालीचं, रात्रभर कोमट पाण्यात भिजवून मग ओल्या फडक्यात बांधून ठेवते. मोड दिसला की कुंडीत. भेंडी, गवार थेट पेरते. वेल ताणे फेकायच्या आधी मांडव उभा हवा, नंतर दोऱ्या बांधताना कोवळे शेंडे मोडतात.

शेवंती आता संपली आहे. झाडं जमिनीपासून चार-पाच बोटांवर कापलीत, बुडातून काश्या, म्हणजे नवे फुटवे, येऊ लागल्यात. त्या उन्हाळाभर अर्ध्या सावलीत सांभाळायच्या. पिवळी आणि विटकरी अशा दोन रंगांच्या भरपूर आहेत, नाशिकात कोणाला हव्या असतील तर मला संदेश पाठवा.