प्रतिसाद : थारचा मागचा डिफ (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी, डिफरेन्शियल) खरंच बदललाय का?

वरच्या पोस्टमध्ये दोन्ही मागची चाकं उचलून त्यातलं एक चाक हाताने फिरवलं, दुसरं उलटं फिरलं, म्हणून लॉकर (दोन्ही चाकं एकत्र बांधून फिरवणारी यंत्रणा) नाही, असा निष्कर्ष काढलाय. थांबा जरा. २०१५ नंतरच्या जुन्या थारमध्ये ईटनचा मेकॅनिकल लॉकर कंपनीकडूनच मिळायचा. तो दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडल्यावरच लागतो. हाताने फिरवताना तो साध्या डिफसारखाच वागणार! डिफचं कव्हर उघडून बघणं हाच उपाय.

क्राउन-पिनियन (डिफमधली मोठी-छोटी गिअरची जोडी, जिच्यावर रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या, ते ठरतं) बदललंय का, ते मात्र घरीच कळतं. एकच मागचं चाक उचला, बाकीच्यांना नीट ओट (दगड) लावा, गाडी न्यूट्रलमध्ये. प्रोपेलर शाफ्टवर (डिफला फिरवणाऱ्या लांब दांड्यावर) खडूची रेघ मारा आणि चाक २० वेळा फिरवा. शाफ्टच्या ४१ फेऱ्या झाल्या तर रेशो ४.१. (एक चाक जमिनीवर असल्याने क्राउन निम्मंच फिरतं, म्हणून भागायचं १० ने.)

पुढच्या अॅक्सललाही हेच करा. मालक लोक मागचा रेशो बदलून पुढचा तसाच ठेवतात, आणि मग कोरड्या डांबरावरच काय, चिखलातही फोर व्हील टाकली की ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) बोंबलते. माझ्या मित्राने अशीच एक घेतली होती. डिफवर ताजा काळा रंग होता, बोल्टांच्या डोक्यांवर मात्र पान्याचे ओरखडे.