मुलीला शनिवारी खेळू द्यावं का? आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय, प्लीज मदत करा

अनुजा_ओ (गुरुवार सकाळ)
घाईत आहे म्हणून थेट विचारते. मुलीला मंगळवारच्या मॅचमध्ये लागलं, आता बरी आहे, शाळेतही जातेय. शनिवारी आमच्या गावचा फॉल फेस्टिव्हल आहे आणि ११ वाजता शेजारच्या गावाशी मॅच, अख्खं गाव येतं बघायला. कोच म्हणतायत बरी दिसतेय, खेळू दे. ती हट्टाला पेटलीय, नवरा नको म्हणतो आणि मी मधे लटकलेय. कुणाच्या मुलांच्या बाबतीत असं झालंय का, तुम्ही काय केलंत?

वऱ्हाडी_गडी
घोटा असंल तर पाठवू नका बरं. आमच्या पोराचा घोटा मुरगळला होता, आठ दिवसांत उतरला मैदानात आन् परत तोच पाय मुरगळला, मंग पूर्ण सीझन गेला. बर्फ, क्रेप बँडेज आन् पाय उशीवर उंच, एवढंच करा.

निशिगंधा
अगं पण लागलं कुठे? वय किती, खेळ कुठला, राज्य कुठलं? 'बरी आहे' कोण म्हणालं, डॉक्टर की तीच?

अनुजा_ओ
सॉरी. ओहायो, वय १५, सॉकर. डोक्याला लागलं. कॉर्नर किकला हेडर मारायला दोघी एकदम उडाल्या आणि त्या मुलीचं डोकं हिच्या कानशिलावर बसलं. पाच मिनिटं बेंचवर बसली, पाणी प्यायली, परत खेळायला गेली. बेशुद्ध वगैरे अजिबात नाही, टेंगूळपण नाही, म्हणून डॉक्टरकडे नेलं नाही.

सह्याद्री_७२
एवढ्यासाठी धागा? आम्ही साताऱ्याला शाळेत कबड्डी खेळायचो, डोकं फुटलं तर हळद दाबायची आणि पुढची चढाई. मुलांना इतकं जपलं की ती घाबरट होतात. खेळू द्या, गावासमोर खेळण्याचा आनंद वेगळाच असतो.

निशिगंधा
सह्याद्री, हळद फुटलेल्या कातडीला लागते हो, आत मेंदूला धक्का बसला असेल तर तिथं कुठली हळद पोचणार? बेशुद्ध न पडताही कन्कशन होतं, बहुतेकांचं तसंच होतं.
अनुजा, नीट आठवून सांग. घरी येताना कशी होती? डोकं दुखतंय? उलटी? उजेड सहन होतोय? एकच गोष्ट परत परत विचारतेय का?

अनुजा_ओ
आता तू विचारलंस म्हणून सांगते. गाडीत तिनं मला विचारलं, आई आपण जिंकलो का? मी हो म्हणाले. वॉलमार्टच्या सिग्नलला परत तेच विचारलं, अगदी पहिल्यांदा विचारतेय असं. मला वाटलं दमलीय. काल फोनचा उजेड पार कमी करून बसली होती. आज सकाळी डोकं दुखतंय म्हणाली पण 'थोडंसंच', आणि कोचना सांगू नकोस म्हणाली. उलटी नाही.

डब्बल_मराठा
माझा मुलगा हायस्कूल फुटबॉल खेळायचा, दोन कन्कशन झाली, त्यामुळे हे सगळं मला तोंडपाठ आहे. अनुजा ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालंय, ती शनिवारी खेळू शकत नाही. यात तुमचं, कोचचं, गावाचं मत चालत नाही. ओहायोत २०१३ पासून कायदा आहे, कन्कशनची लक्षणं दिसली की कोच किंवा रेफरीनं खेळाडूला बाहेर काढायचं, त्या दिवशी परत घ्यायचं नाही, आणि नंतर डॉक्टरची लेखी परवानगी आल्याशिवाय प्रॅक्टिसलासुद्धा घ्यायचं नाही. सीझनच्या सुरुवातीला तुम्ही याच माहितीच्या कागदावर सही केलेली आहे, ईमेल शोधा, सापडेल.
आता दिवस मोजा. परत खेळायच्या सहा पायऱ्या असतात. आधी शाळा आणि रोजचे व्यवहार, मग चालणं किंवा जागेवरची सायकल, मग पळणं आणि एकटीनं ड्रिल, मग धक्का न लागणारी टीम प्रॅक्टिस, मग पूर्ण प्रॅक्टिस, मग मॅच. एकेका पायरीला किमान २४ तास, आणि त्रास वाढला तर तिथंच थांबायचं. तिचं डोकं आज गुरुवारी दुखतंय. शनिवार बसतो का यात कुठं?

मिहीर_के
चांगल्या हॉस्पिटलात जाऊन एमआरआय करून घ्या, क्लीन आला की खेळू द्या. एका दिवसात विषय संपला.

डब्बल_मराठा
मिहीर, असं नसतं. सीटी किंवा एमआरआय रक्तस्राव, फ्रॅक्चर असलं काही बघायला. कन्कशन त्यात दिसत नाही, रिपोर्ट नॉर्मल आला तरी कन्कशन असू शकतं. उगाच खोटा धीर येतो.

मिहीर_के
पण करायला काय हरकत आहे? इन्शुरन्स भरतोच ना आपण.

रेवा_टेक्सास
मी आधीच सांगत होते सगळ्यांना की मुलींना टेनिसला घाला. कॉलेजच्या अर्जातही चांगलं दिसतं. शिवाय ऑगस्टच्या उन्हात दुपारी प्रॅक्टिस ठेवतात त्याचं काय? आमच्याकडे आधी बर्फाच्या पाण्याचा टब तयार असल्याशिवाय सुरूच करत नाहीत, उष्माघात झाला तर आधी टबात घालून गार करायचं आणि मग अँब्युलन्स.

निशिगंधा
रेवा, टबाचं अगदी बरोबर आहे पण इथं ऑक्टोबर चालू आहे आणि प्रश्न डोक्याचा आहे.

सुगरण_मावशी
अनुजा तुझ्या फेस्टिव्हलमध्ये भोपळे असतीलच ना? सर्कलव्हिलचा पंपकिन शो ओहायोतच आहे, १९०३ पासून चालू, एकदा गेले होते, केवढाले ते भोपळे! लेकीला घारगे करून घाल, डब्यातला भोपळाही चालतो. गुळात गरम करायचा, वेलची, चिमूटभर मीठ, मावेल तेवढी कणीक आणि थोडं तांदळाचं पीठ, पाणी अजिबात नाही. आणि अंधाऱ्या खोलीत आठवडाभर झोपवून ठेव, टीव्ही पुस्तक काही नको.

डब्बल_मराठा
मावशी, घारगे चालतील, अंधारी खोली नको. माझ्या मुलाच्या पहिल्या वेळी आम्ही हेच केलं, पोरगं आठवडाभर भिंतीकडे बघत पडलं आणि पार कोमेजलं. आता सांगतात की पहिले एकदोन दिवस आराम, स्क्रीन कमी, मग त्रास वाढणार नाही इतपत चालणंफिरणं.

सह्याद्री_७२
पण कोचला काहीच कळत नाही का? तो तिथं उभा होता.

डब्बल_मराठा
तो वाईट माणूस असेल असं मी म्हणत नाही. वॉशिंग्टन राज्यातला झॅकरी लिस्टेट १३ वर्षांचा होता, २००६ मध्ये डोक्याला लागल्यावर त्याच मॅचमध्ये परत उतरला आणि शेवटी मैदानावर कोसळला. जगला, पण पुढची कित्येक वर्षं बोलणं चालणं परत शिकण्यात गेली. त्याच्या नावानं २००९ मध्ये असा पहिला कायदा झाला आणि २०१४ पर्यंत सगळ्या ५० राज्यांत आले. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर काय होऊ शकतं हे माझ्या बायकोनं वाचलं त्या रात्री ती झोपली नव्हती. म्हणून इतकं लिहितोय.
ताई, डोकेदुखी वाढत गेली, परत परत उलट्या, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, बोलणं अडखळलं, उठवता उठत नाही, यातलं काहीही झालं तर थेट ९११. नाहीतर आजच पेडियाट्रिशियनला फोन, आणि शाळेत ऍथलेटिक ट्रेनर, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती बघणारा माणूस, आहे का ते विचारा.

अनुजा_ओ
ट्रेनर आहे पण दोन शाळांत मिळून एकच, मंगळवारी दुसऱ्या शाळेत होता. डॉक्टरची वेळ मिळाली, उद्या ९:४० ची. कोचना ईमेल केली की डॉक्टरच्या कागदाशिवाय खेळणार नाही. लेक दार लावून बसलीय, म्हणते तू माझं सगळं वाटोळं केलंस. तिला निदान परेडमध्ये टीमच्या फ्लोटवर, त्या सजवलेल्या गाडीवर, तरी बसू देऊ का?

सिनसिनाटीकर
डॉक्टरलाच विचारा, पण फ्लोटच्या मागे कोण आहे ते आधी बघा. आमच्याकडे मागेच मार्चिंग बँड असतो आणि पुढे सायरन वाजवत फायर ट्रक.
दुसरं, कुणी विचारलं नाही तरी सांगतो. २ जानेवारी २०२३ ला अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू डमार हॅमलिन आमच्या इथल्या मैदानावर हृदय बंद पडून कोसळला, जागेवर सीपीआर (छाती दाबणं) आणि एईडी (हृदयाला शॉक देणारं यंत्र) मिळालं म्हणून वाचला. शनिवारी शाळा बंद असते, तुमचं एईडी जिमच्या कुलपात अडकलेलं नाही ना, तेवढं विचारून ठेवा.

अनुजा_ओ (शनिवार रात्र)
डॉक्टरांनी कन्कशनच सांगितलं, सगळ्या पायऱ्या करायच्या, पुढच्या शुक्रवारी परत बोलावलंय. फ्लोट नको म्हणाले. एईडी खरंच जिममध्ये होतं आणि जिमला कुलूप. किल्ली कुणाकडे हेच कुणाला माहीत नव्हतं, नवऱ्यानं चार फोन केले तेव्हा ते बाहेर आलं आणि पूर्ण मॅचभर बेंचच्या शेजारी राहिलं.
आम्ही तिघं परेड बघायला लायब्ररीच्या कोपऱ्यावर उभे होतो, ती टोपी गॉगल घालून. टीमचा फ्लोट गेला तेव्हा मैत्रिणींना हात केला. बँड अजून अर्धा ब्लॉक लांब होता, ड्रमचा आवाज आला तशी तिनं आपणहून दोन्ही कान दाबले आणि म्हणाली, आई, घरी चल.
मावशी, घारगे तेवढे खाल्ले तिनं. चार.