रामदास बोटीत वडील गेलेल्या आईला क्रूझवर नेतेय. पहिल्या दिवशी काय सांभाळू?

रेवसची_नात
नमस्कार. पुढच्या शनिवारी आम्ही पाच जण मुंबई-गोवा क्रूझला निघतोय. मी, नवरा, नववीतला मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि माझी आई. प्रश्न आईचा आहे.

१७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली, त्यात माझे आजोबा होते. गिरणीत कामाला होते, रजेवर घरी यायला निघालेले. आई तेव्हा पाच महिन्यांची. त्यानंतर आजीने कधी लाँचमध्ये पाय ठेवला नाही, मुंबईला जायचं तर पेण-पनवेल करत एसटीने. आईनेही तेच चालवलं. आता मांडव्याहून रो-रो आहे, तासाभरात भाऊचा धक्का, तरी ती रस्त्यानेच जाते.

या वेळी नातीने हट्ट धरला आणि आई "येते" म्हणाली. तेवढंच. त्यावर परत एक शब्द नाही. मला झोप लागत नाहीये.

बोट सुटताना तिला केबिनमध्ये बसवू की वर डेकवर नेऊ? आणि बुकिंग करून देणारे म्हणाले की सुरुवातीला भोंगा वाजवून लाइफ जॅकेटचं ड्रिल घेतात, म्हातारी माणसं घाबरतात, त्यांना नेऊ नका. खरंच टाळू का?

ठाणेकर_आई
आम्ही मागच्या डिसेंबरात गेलो होतो. औषधं हातातल्या पिशवीतच ठेवा. मोठ्या बॅगा टर्मिनलवर चिठ्ठी लावून घेतात, त्या थेट केबिनच्या दाराशी येतात, पण आमच्या रात्री आठला आल्या. सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या त्यात होत्या, तोवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. केबिन शक्यतो खालच्या मजल्यावर आणि बोटीच्या मध्यावर मागून घ्या, हेलकावे तिथे सगळ्यात कमी. मळमळीची गोळी मात्र त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच द्या, या वयात काही गोळ्यांनी फार गुंगी येते.

निवृत्त_खलाशी
ताई, माझी ३१ वर्षं बोटीवर गेली. ड्रिल टाळू नका. ते सक्तीचं आहे आणि तुमच्या आईंसाठी तर सगळ्यात गरजेचं.

२०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्यावर कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर आपटली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल झालेलंच नव्हतं. तोवर चोवीस तासांत घेतलं तरी चालायचं. १ जानेवारी २०१५ पासून बोट सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या घ्यावंच लागतं. भोंगा सात वेळा छोटा आणि मग एकदा लांब वाजतो. घरीच तोंडाने वाजवून दाखवा, म्हणजे दचकणार नाहीत.

रामदासवर साधा वायरलेससुद्धा नव्हता. आंतरराष्ट्रीय नियमाने चालणाऱ्या प्रवासी बोटीवर सगळ्या माणसांना पुरून वर पंचवीस टक्के जास्त जागा होईल इतक्या लाइफबोटी आणि तराफे लागतात. हे नुसतं सांगू नका, त्या नारिंगी बोटींखाली आईंना उभं करा.

मांडवेकर
त्या दिवशी रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्या घातल्या आणि पाण्यातली माणसं ओढून काढली. आमच्याकडे अजून सांगतात. आईंशी बोलताना हेही बोला.

रेवसची_नात
परत आलो. सगळ्यांचे मनापासून आभार. पहिला दिवस कसा गेला ते लिहिते, कुणाला तरी उपयोगी पडेल.

बॅलार्ड पिअरला बाराला पोहोचलो. आईला चाकाची खुर्ची मिळाली, रांग सोपी गेली. बोट जवळून दिसली तेव्हा तिने मान वर केली आणि माझा हात धरला. जिन्यावरून आत शिरेपर्यंत सोडला नाही.

ड्रिलला नेलं. आठवडाभर घरात मुलगी सात छोटे, एक लांब असा भोंगा वाजवत फिरत होती, त्यामुळे खरा वाजला तेव्हा आईने बोटांवर मोजला. जॅकेटला शिट्टी आणि छोटासा दिवा असतो. दिवा कशाला, तिने विचारलं. ड्रिल घेणारा मुलगा गोव्याचा होता, गुडघ्यावर बसून कोकणीत म्हणाला, अंधारात माणूस सापडावा म्हणून. आईने तो दिवा बराच वेळ हातात धरून ठेवला. मग माझ्या मुलाला सोबत घेऊन त्या बाजूच्या सगळ्या लाइफबोटी मोजून आली.

बोट सुटताना तिला डेकवरच यायचं होतं. उजवीकडे कुलाबा मागे पडत गेला, प्राँग्जच्या दीपगृहाचा दिवा लागला. सगळे तिकडे फोटो काढत होते. आई डाव्या कठड्याला गेली, रेवस-मांडव्याच्या अंगाला. खडक काही त्या उजेडात दिसला नाही. तिने त्या बाजूला हात जोडले. मुलीनेही जोडले. कुणाला, ते तिला ठाऊक नव्हतं. नंतर तिच्या पणजोबांची गोष्ट आईनेच तिला सांगितली, मी काही बोलले नाही.

मांडवेकर, कोळ्यांचं मी तिथेच काढलं. आईला ते माहीत होतं. आजोबांना किनाऱ्यावर त्यांनीच आणलं होतं. आजी दर नारळी पौर्णिमेला आईच्या हाती कोळीवाड्यात एक नारळ पाठवायची, दारात ठेव आणि ये म्हणायची. का ते कधी सांगितलं नाही. आजीच्या दिवसांना कोळीवाड्यातल्या बायका आल्या, तेव्हा त्यांच्याकडून आईला कळलं.