‘मेरिटोरियस सर्व्हिस’च्या मेडलला काय म्हणू?

तापीकाठ: मंडळी, दिवाळी अंकासाठी एक इंग्रजी गोष्ट मराठीत करतोय, राजा काल्पनिक, देश काल्पनिक, फौजही काल्पनिक. त्यांच्यात एक मेडल आहे, मर्दुमकी गाजवणाऱ्याला नाही, तर वर्षानुवर्षं रसद, घोडे, दारूगोळा चोख सांभाळणाऱ्याला मिळतं. ‘गुणवंत सेवा पदक’ लिहिलं तर बायको म्हणे हा तर दहावीच्या पोरांचा सत्कार, शाल, नारळ अन् फोटो. आता?

धुळेकर: पोलिसांची मेडलं जाहीर होतात तेव्हा पेपरवाले ‘गुणवत्तापूर्ण सेवेसाठी’ लिहितात, तेच घ्या ना.

केळीबाग: गुणवत्तापूर्ण म्हटलं की मला ठिबकच्या नळ्या दिसतात भो. आपल्या सैन्याचं ‘विशिष्ट सेवा’ बरं. 1960 ला सुरू झालं तेव्हा नुसते पहिला, दुसरा, तिसरा वर्ग होते, परम अन् अति 1967 ला आलं.

तापीकाठ: वर्ग इथेही तीनच आहेत. पण तसं लिहिलं की राजा थेट दिल्लीचा वाटतो.

आजीची गोधडी: मला ‘पदक’च खटकतंय. आमच्या जळगावात पदक म्हणजे सराफाकडचं, माळेच्या मधोमध लोंबतं ते, सासूबाई ऐकतील तर विचारतील किती ग्रॅमचं. तमगा लिहा, रुबाब आहे.

शुद्धलेखनी: तमगा तुर्की आहे. मराठीत शब्दांचा दुष्काळ पडला का? ‘मानचिन्ह’ लिहा.

धुळेकर: मानचिन्ह म्हणजे शोकेसमधली ट्रॉफी, ती छातीला टाचायची कशी? अन् शिपाई फारसी, फौज अरबी. असं निवडत बसलात तर राजाकडे लढायला कोणी उरणार नाही.

केळीबाग: तमग्याची गंमत अशी की तिकडे तो मूळचा जनावरावर डागायची खूण, मग शिक्का झाला, मग मेडल. आपल्याकडेही बघा, बैलाला डाग देतात अन् सोन्याच्या नगालाही डागच म्हणतात. लग्नावरून आलं की आजी पहिलं विचारायची, “नवरीले कितला डाग टाकात?” दागिना यावरूनच आला असणार.

शुद्धलेखनी: ही मनाची व्युत्पत्ती.

धुळेकर: असू द्या की. इतिहासाचार्य राजवाडे शेवटी आमच्या धुळ्यातच होते, त्यांच्या व्युत्पत्त्यांनाही लोक हेच म्हणायचे.

तापीकाठ: अहो पण ‘मेरिटोरियस’चं काय? अंक छापायला जातोय.

आजीची गोधडी: तुम्हीच वर लिहिलंय की, ‘चोख’ सांभाळणारा. ‘चोख चाकरीचा तमगा’ करा.

शुद्धलेखनी: चाकरीही फारसी.

केळीबाग: चोखवरून आठवलं, सोनार तुटलेली साखळी जोडतो त्यालाही डाग देणं म्हणतात ना?

आजीची गोधडी: तो डाख. ख.

केळीबाग: आमचा सोनार डागच म्हणतो, पारोळ्याचा आहे.